तुझ्या गड्ड्याचा डोळा

धोंडीराम, तू लाकडात कोरलेल्या हळदीच्या गड्ड्याचा डोळा मी तासला. माझ्याच हातानं, माझ्याच पटाशीनं, दिवसाउजेडी, पोटभर जेवून, पूर्ण शुद्धीवर असताना. मांजरानं पाडला नाही. माझ्याकडे मांजर नव्हतंच. विश्रामबागेतल्या माझ्या त्या एकट्याच्या खोलीत मांजरानं आशेनं यावं असं खायला कधीच काही नसायचं.

हे तुला तोंडावर सांगायला मला दोन वर्षं मिळाली होती. दर रविवारी हरिपूरच्या रस्त्यानं तुझ्याकडे येताना चिंचांच्या सावलीत वाक्यं जुळवायचो, आणि तुझ्या छपरात शिरलो की पहिलं वाक्य निघायचं, "काय धोंडीराम, चहा आहे का?" तू नऊ दिवसांच्या तापात उठून गेलास. तुझे दिवसवार होऊनही आठवडा उलटला. आता हे कागदावर सांगतो आहे. कागद मध्येच "मास्तर, खरं बोला," असं म्हणत नाही, एवढी एक सोय आहे.

हे तुझ्याखेरीज आणखी चार माणसं वाचतील, म्हणून तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही सांगाव्या लागतील. कंटाळू नकोस. मी तुझं कुळवाच्या दिंडावरचं, म्हणजे त्याच्या आडव्या लाकडावरचं, व्याख्यान किमान चाळीस वेळा ऐकलं आहे.

आपली गाठ पडली तीच माझ्या गाढवपणामुळे. मी शाळेत ड्रॉइंग शिकवतो. मुलांना समोर ठेवून काढायला लाकडी शंकू, घन, नळकांडं असं काही हवं होतं. कुणीतरी सांगितलं, हरिपुरात एक सुतार आहे, बोलायला वाकडा पण हाताला सरळ. मी ऐटीत आलो आणि कागदावर शंकू काढून दिला, छायाप्रकाशासकट. आता शंकू समोरून पाहिला की त्याचं गोल बूड लंबगोल दिसतं, तसं मी काढलं. आठ दिवसांनी तू शंकू आणून दिलास, तो लंबगोल बुडाचा. अंडं दाबून वर टोक काढावं तसा.

"हे रे काय केलंस?"

"तुमी काढलंय तेच."

"अरे, बूड गोल हवं!"

"मग गोल का न्हाई काढलं?"

"ते तसं दिसतं म्हणून."

तू कानावरची पेन्सिल काढून माझ्या कागदावर टेकवलीस. "मास्तर, दिसतंय त्ये तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. मला हाय त्ये सांगा."

तो शंकू शाळेत अजून आहे. मुलं तोच बघून काढतात आणि परीक्षेत पास होतात. एकदा साहेब तपासणीला आले, त्यांनी तो हातात घेऊन "छान, प्रमाणबद्ध" असा शेरा दिला. हे तुला सांगितलं तेव्हा तू रंधा खाली ठेवून इतका हसलास, की शेजारच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

मग मी येत राहिलो. तुझ्या छपरात नांगर, जू, गाडीची चाकं, पाभरी यांची गर्दी. पण मला नाद लागला तो मुठींचा. कुणाच्या कुळवाच्या मुठीला तू करडईचं बोंड काढायचास, कुणाच्या विळ्याला मक्याचं कणीस, आणि ते वरून काढल्यासारखं दिसायचं नाही, लाकडालाच फुटल्यासारखं दिसायचं. गावकऱ्यांना त्याचं कौतुक नव्हतं. एकदा माझ्यासमोर एक पाटील ओरडला होता, "धोंड्या, बोंडं काढाय तुला येळ हाय, आन् माझं चाक कवापास्नं आडवं पडलंय रं?" तू शांतपणे म्हणालास, "चाक उभं केलं की तुमी गाडी घिऊन जाणार, आन् मग बोलायला कोन येणार माझ्याकडं?" चाक मात्र दुसऱ्या दिवशी दिलंस.

गड्डा आणला पारूवैनींनी. तुझी बायको हळदीच्या खळ्यावर कामाला. खणून आलेल्या हळदीचे गड्डे फोडायचे, मधला जेठा गड्डा वेगळा, त्याला फुटलेली बोटं वेगळी. त्यांचे हात कोपरापर्यंत पिवळे, आणि वर्षातनं एकदाही पूर्ण धुऊन निघायचे नाहीत. त्या दिवशी एक आख्खा गड्डा त्यांनी पदरातून आणला आणि तुझ्यापुढं ठेवला.

"ह्यो फोडाय जीव हुईना. बघा, कसा मांडी घालून बसलाय."

खरंच बसला होता. पाच बोटं, एक वर, दोन बाजूला, दोन अंगाखाली घेतलेली. आणि खांद्याशी एक डोळा. तुम्ही हळदीच्या कोंबाला डोळा म्हणता हे मला तेव्हा कळलं, बारीक, टोकदार, नुकता जागा झालेला. तू तो गड्डा चार दिवस नुसता उलटापालटा केलास. पाचव्या दिवशी डोळा फुगायला लागला, तेव्हा वैनींनी तो उचलला आणि परड्यात लावून टाकला. मी म्हटलं, "अहो, नमुना गेला!" तू म्हणालास, "बघून झालं. आता त्याला त्याचं काम करू द्या."

लाकूड मी पुरवलं. माझ्या सगळ्या कर्तृत्वात मिरवण्याजोगी एवढीच गोष्ट आहे, आणि तीही धड झाली नाही. साताऱ्याला माझ्या मामांच्या परसात हेदीचा एक ओंडका पडून होता. हेदीचं लाकूड आतून हळदीसारखंच पिवळं. मी तो जुन्या धोतरात बांधला आणि सातारारोडला गाडीत बसलो. बेचाळीसचे दिवस कसे होते, तुला आठवतंच. ठिकठिकाणी तारा तुटलेल्या, स्टेशनांवर पोलीस. मिरजेला गाडी बदलताना एका शिपायानं गाठोड्यावर काठी आपटली.

"काय आहे यात?"

मी प्रामाणिकपणे म्हणालो, "अजून ठरलं नाही."

पुढचे तीन तास मी चौकीत बसून होतो. फौजदारांना 'यातून पुढं काहीतरी निघणार आहे' हे समजावताना मी जितकं अधिक बोललो तितके ते अधिक गंभीर होत गेले. शेवटी त्यांनी सुतार बोलावून ओंडका ठोकून बघितला. सुतार म्हणाला, "हेद हाय, साहेब. चांगली हाय. ह्या माणसाकडं कशी आली?" तो प्रश्न वेगळाच होता.

तू ओंडका हातात घेतलास, वास घेतलास आणि भुशात पुरून ठेवलास. सहा महिने. मी दर रविवारी विचारायचो, "काढायचा का?" तू म्हणायचास, "झोपलाय." सातव्या महिन्यात काढलास आणि कोरायला बसलास. शेतकऱ्यांची कामं उरकल्यावर, ऊन उतरताना तासभर, त्याहून जास्त नाही. आधी वाकसानं घाव घालून ढोबळ, मग पटाशी. लाकडाच्या रेषा वळतील तशी तू बोटं वळवलीस. एका जागी गाठ आली, तिथं तू बोट थांबवलंस आणि दुसरं पुढं काढलंस. मला वाटलेलं, तू मूळ गड्डा आठवून करशील. तू म्हणालास, "त्यो हळदीचा हुता. ह्यो हेदीचा हाय. ह्याची बोटं ह्याच्या मनानं."

आणि इथं आपलं भांडण सुरू झालं. ते आजही मिटलेलं नाही, तेव्हा माझी बाजू मांडून ठेवतो. मी म्हणत होतो, आकृती उभी राहायची तर तिला मध्य हवा. मी ओळंबा आणून टांगला. डावी बाजू उजवीपेक्षा दोन बोटांच्या रुंदीनं जड निघाली. मी विजयानं म्हणालो, "बघ."

तू ओळंब्याची दोरी धरून माझ्या नाकासमोर आणलीस. "हलू नका. पारू, ये गं, बघ. मास्तरांचं नाक किती डावीकडं गेलंय."

वैनी लांबूनच म्हणाल्या, "आगं बया. व्हय की!"

"मास्तर, देवानं वळंबा लावला न्हवता. तरी तुमी उभं हाय न्हवं?"

त्या दिवसापासून मी आरशात नाक बघतो, आणि तू म्हणालास त्याहून ते जास्तच डावीकडे आहे. पण नाकाचा पुरावा हा पुरावा नव्हे, हे माझं म्हणणं कायम आहे.

मग साताऱ्याचं प्रदर्शन आलं, शेतीचं आणि हातकामाचं. तुझा गड्डा तिथं ठेवायचा हे मीच ठरवलं, मीच अर्ज भरला, मीच तुला पटवलं. तुला कवठे महांकाळला बहिणीच्या घराच्या छपराचं आढं बसवायला दोन दिवस जायचं होतं. जाताना तू गड्डा माझ्या खोलीवर ठेवलास. "चित्र काढायचं म्हणता, काढा. बाकी काय करू नका."

बाकी काय करू नका. किती सोपं वाक्य. मी शिकलेला माणूस, मला त्याचा अर्थ लागला नाही.

पहिल्या दिवशी चित्र काढलं. दुसऱ्या दिवशी चित्रावर मधली रेघ मारली आणि माझ्यातला परीक्षक जागा झाला. डाव्या खांद्यावर तू कोरलेला तो डोळा. तेवढा उंचवटा कमी झाला तर दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या. मला वाटलं, तू तो चुकून राहू दिला असशील, हात पोचला नसेल. धोंडीराम, तुझ्या हाताबद्दल मी असं समजलो! मी पटाशी घेतली. लाकूड लोण्यासारखं निघालं, हीच माझी फसगत. घाव एकदा तरी अडखळला असता तर मी थांबलो असतो. दहा मिनिटांत डोळा गेला. मी मागं सरून बघितलं. दोन्ही बाजू सारख्या होत्या, आणि गड्डा मेला होता. शाळेतल्या लंबगोल शंकूत जितका जीव होता तितकासुद्धा त्यात उरला नव्हता.

तू आलास तेव्हा मी म्हणालो, मांजरानं फळीवरून पाडला.

तू गड्डा घेऊन खिडकीशी गेलास. ती गुळगुळीत, एका दिशेनं तासलेली जागा तू अंगठ्यानं चाचपलीस. बराच वेळ. मग म्हणालास,

"मांजर लय कसबी दिसतंय."

मला वाटलं, सुटलो. खरंच वाटलं! पुढं दोन वर्षं तू मला विचारत होतास, "मांजर बरं हाय न्हवं?" "मांजराला कुठं काम लावलं का न्हाई?" आणि मी म्हणायचो, "बरं आहे." एकदा तर म्हणालो, त्याला पिल्लं झाली. तू गंभीरपणे म्हणालास, "एखादं द्या की मला. हाताखाली लागंल."

गड्डा प्रदर्शनाला गेला नाही. तू म्हणालास, अजून तयार न्हाई. परत कोरायला बसलास. काही महिन्यांनी मला गड्डा लहान वाटू लागला. मी विचारलं, लाकूड आक्रसतंय का? तू म्हणालास, "मांजर कुरतडतंय." मी हसलो आणि विषय बदलला. तू काय करत होतास ते मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मला सांगावं लागलं असतं.

तापात तुला बघायला आलो होतो. तू डोळे मिटून होतास. वैनी उशाशी होत्या, भाऊबंद होते. एवढ्या माणसांत काय बोलायचं म्हणून मी नुसता पायाशी बसून राहिलो. माणसं नसती तरी बोललो नसतो, हे तुला आणि मला दोघांनाही ठाऊक आहे.

परवा वैनींचा निरोप आला. "मास्तरला म्हणावं, लाकडाचं काम हाय, या."

मला कळलं, म्हणजे मला वाटलं की कळलं. तुझा अपुरा गड्डा मी पुरा करायचा. आणि खोटं कशाला बोलू, छाती थोडी फुगली. निघायच्या आदल्या दिवशी मी माझ्या तिन्ही पटाशा दगडावर लावून लावून केस कापतील इतक्या धारेच्या केल्या आणि पिशवीत घालून निघालो. पिशवी वागवायची ऐट मोठ्या सर्जनसारखी होती.

वैनींनी गड्डा पोत्यावर ठेवला होता. मी तो उचलून उजेडाला धरला.

डोळा परत आला होता.

मी लाकूड काढून टाकलं होतं, आणि काढलेलं लाकूड परत लावता येत नाही. ठिगळ तू मारणार नाहीस. मग उंचवटा परत आणायचा एकच रस्ता उरतो. त्या जागेला हात न लावता भोवतालचं सगळं खाली न्यायचं. तू तेच केलं होतंस. दोन वर्षं, ऊन उतरताना तासभर, पाची बोटं, पाठ, बूड, सगळा गड्डा तू अर्ध्या अर्ध्या बोटानं आत नेला होतास, एवढासा डोळा पुन्हा वर निघावा म्हणून. आधीपेक्षा तो बारीक होता. आधी खांद्यावर बसला होता, आता खांद्यातून येत होता. डावी बाजू अजूनही जड होती. माझ्या हिशेबी आता तर तीन बोटं. पाठीवर फक्त पटाशीच्या खुणा राहिल्या होत्या, तेवढं घोटायचं काम शिल्लक.

मला रडू आलं, आणि मी ते नाकावर ढकललं. म्हणालो, "नाकात भुसा गेला." छपरात आठवड्यापूर्वी झाडून घेतलं होतं.

मग मी सांगितलं. तुला सांगायचं ते वैनींना सांगितलं. मांजर नव्हतं, मी होतो. डोळा मी तासला.

"ठावं हाय की," वैनी म्हणाल्या. "त्याच दिशी घरी आले, जेवाय बसले आन् हसाय लागले. घास घशात अडकला. मी म्हणलं, काय झालं? तर म्हणले, मास्तरनं गड्ड्याचा डोळा काढला, आन् मांजराचं नाव सांगतंय."

"रागावला नाही?"

"रागावले की. चार दिस तुमचं नाव घेतलं न्हाई. पाचव्या दिशी म्हणले, बरं झालं एका परीनं. आधीचा डोळा वरनं चिकटीवल्यागत हुता. आता खोल जावं लागंल."

धोंडीराम, हे तू खरंच म्हणालास, की त्या माझी समजूत काढत होत्या? मी त्यांना तसं विचारलंही.

"समजूत काढाय मला येळ कुठं हाय?" त्या म्हणाल्या. "खळ्यावर जायाचं हाय मला. हे आज उरकायचं."

परड्यात त्या वर्षी लावलेल्या गड्ड्याचा आता वाफा झाला आहे, पानं कमरेएवढी. त्याच्याकडे बघत मी जरा सावरलो आणि गळा साफ करून म्हणालो, "वैनी, काळजी करू नका. पाठ मी घोटून देतो. नीट देतो. या वेळी अगदी नीट." आणि पिशवीतून पटाशा काढून पोत्यावर ओळीनं मांडल्या.

वैनींनी त्या बघितल्या. एकेक करून परत पिशवीत घातल्या. पिशवी उचलून छपराच्या बाहेर, म्हशीच्या बाजूला ठेवून आल्या. मग त्यांनी गोणपाटाचा एक तुकडा घेतला, ओला करून पिळला, आणि शिजवून वाळवलेली हळद खळ्यावर घासतात तसा दोन्ही हातांत ताणून धरला. मला कळायला वेळ लागला. घोटणार त्या होत्या. लढाईपासून पॉलिशपेपर धड मिळत नाही, पण त्यांना तो मिळाला असता तरी घेतला नसता. तीस वर्षं त्यांनी गोणपाटानं हळदीला चकाकी आणली होती. कुठं दाबायचं आणि कुठं नुसतं फिरवायचं हे त्या बोटांना माझ्यापेक्षा, आणि रागावू नकोस, कदाचित तुझ्यापेक्षाही जास्त ठाऊक होतं.

मी गड्डा दोन्ही हातांनी धरला. त्यांनी पाठीवर पहिला हात मारला आणि लाकडाचा पिवळा रंग वर आला. माझे अंगठे आपोआप सरकले, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, आकृती जरा सरळ धरावी म्हणून.

वैनींचा हात थांबला.

"मास्तर, जायच्या आधी त्यांनी सांगितलं हुतं, घोटताना मास्तरला बोलव, धराय जड माणूस लागंल. म्हणून बोलीवलंय. तवा तुमी निस्तं धरून बसा. डोकं चालवू नका."